मानेवरची नजर

आमच्या धंद्यात जनावराकडे बघायची प्रत्येकाची वेगळी जागा असते. बाजारात शेळी विकायला आणणारा तिचे दात दाखवतो, घेणारा पाठीवर हात दाबून मांस किती ते बघतो, आणि मी बघतो मान. पनवेलच्या जुन्या बाजारात आमचं मटणाचं दुकान आहे, तिसऱ्या पिढीचं. वडिलांनी सुरी हातात दिली तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकवली. डोळ्यात बघायचं नाही, मान बघायची, आणि हात एकदा चालला की दुसऱ्यांदा चालवायला लागता कामा नये. मला तो आजवर दुसऱ्यांदा चालवावा लागलेला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. असेल थोडी फुशारकी, असू दे. अभिमान बाळगायला माणसाकडे काहीतरी लागतं, माझ्याकडे हे आहे.

तर अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर धनुष्यबाण हातात घ्यायची वेळ आली. तीही हरीण मारायला. हसू नका. आमच्या गल्लीत जेवढे हसायचे तेवढे हसून झाले आहेत.

माझा धाकटा भाऊ न्यूझीलंडला असतो. तिथल्या मटणाच्या एका कारखान्यात कापायच्या कामाला लागला, मग बायकोला घेऊन गेला, आता तिकडचाच झाला. तिथे त्याची एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी दोस्ती जमली. हा म्हातारा स्वतः लाकडाची धनुष्यं बनवतो. आजकालच्या धनुष्यांसारखी चाकं नाहीत, दुर्बीण नाही, नुसतं लाकूड आणि दोरी. त्या धनुष्यानं ते दोघं म्हाताऱ्याच्या रानात हरणं मारायचे. तिकडे हरीण मूळचं नाहीच. गोऱ्यांनी कधीकाळी आणून सोडलं, त्याची पैदास एवढी झाली की मेंढ्यांचं गवत पुरेना. त्यामुळे शेतकरी स्वतः लोकांना बोलावतात, या आणि मारा. कायद्याची काही आडकाठी नाही. मी भावाला म्हणायचो, "बाबा रे, इकडे तर हरणाकडे वाकड्या नजरेनं बघितलं तरी आत जाशील." तो हसायचा.

मग एकदा श्रावणात त्याचा फोन आला. श्रावणात आमचं दुकान म्हणजे नुसतं बसणं. अर्धं गाव खात नाही, उरलेलं अर्धं चोरून खातं. दुपारी मी मटण तोडायचा ओंडका घासत होतो, तिकडे त्याची रात्रीची जेवणं व्हायची होती. आवाज ऐकूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"दादा, एक सांगायचं होतं. चार महिने झाले, सांगितलं नाही."

एप्रिलमध्ये तो एकटाच रानात गेला होता. एक मादी समोर आली. त्यानं बाण सोडला आणि तो पोटात लागला. मादी झाडीत पळाली. म्हातारा आणि त्याचा कुत्रा आले, तिघांनी संध्याकाळपर्यंत शोधलं, दुसरा अख्खा दिवस शोधलं. रक्ताचा माग एका ओढ्यापर्यंत गेला आणि संपला. ती काही सापडली नाही.

"पोटातला बाण म्हणजे लगेच मरत नाही ना रे," तो म्हणाला. "कुठे पडली असेल, किती वेळ पडली असेल..."

"लागला कसा पोटात?"

"उडालं ना जनावर. दोरीच्या आवाजाला दचकतात ती. बाण सुटला आणि ती उडाली. माझी चूक नव्हती, दादा."

"मग झालं तर. विसर."

"विसरलो असतो तर फोन कशाला केला असता?"

तेव्हापासून त्याच्या हातात सुरी राहत नव्हती. कारखान्यात पट्ट्यावर जनावर समोर आलं की बोटं थरथरायची. साहेबाला सांगून त्यानं पॅकिंगला बदली मागून घेतली होती. आमच्या घराण्यातला पोरगा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावतोय! माझं डोकंच फिरलं. पण तो पुढे भलतंच बोलला.

"पुढच्या एप्रिलला तू ये. एक बाण तू मार. माझ्यासमोर. तुझ्या हातून कधी वाकडं झालेलं मी बघितलं नाही. एकदा नीट झालेलं डोळ्यांनी बघितलं की मला जमेल बघ."

"अरे, मी काय सर्कशीत आहे का? धनुष्य कुणी धरलंय आयुष्यात?"

"तू शिकशील," तो म्हणाला आणि बायको जेवायला बोलावतेय म्हणून फोन ठेवला.

रात्री मी बायकोला सांगितलं. ती आधी फणकारली. "रोज कापता तेवढ्यानं हौस फिटत नाही का? आता विमानात बसून मारायला जायचं?" मग मी तिला त्याच्या हातात न राहणारी सुरी, पॅकिंग, सगळं सांगितलं. दिराला तिनं लहानाचा मोठा होताना बघितलेला. ती कणीक मळत राहिली आणि मग म्हणाली, "जा. पण शिकायचं तर नीट शिकून जा. तुमच्या हातून पण तसंच झालं तर भाऊजी कामातून गेले समजा."

तिनं बरोबर जागी बोट ठेवलं. माझी भीती हीच होती. हरीण मिळालं नाही तर काही बिघडत नव्हतं. पण माझ्या हातून दुसरी एखादी अर्धमेली होऊन झाडीत गेली, तीही त्याच्या डोळ्यांदेखत, तर त्या पोराच्या हातात सुरी पुन्हा कधीच आली नसती.

खारघरला एका मैदानावर तिरंदाजीचा वर्ग चालतो. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, उरणकडची, मासेमारीच्या घरातली. पहिल्या दिवशी शाळेच्या पोरांच्या रांगेत मी एकटाच टकलू उभा. ती मला काका म्हणायची, मी तिला मुद्दाम मॅडम म्हणायचो. कशासाठी शिकायचंय ते मी लपवलं नाही. मला वाटलं ही आता नाक मुरडणार. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग काका, तुम्हाला मी पोरांसारखं नाही शिकवणार. पोरांचा बाण चुकला तर नुसते गुण जातात."

मला वाटलं होतं ताकदीचा प्रश्न नाही. सत्तूर चालवणारा हात आहे, मनगट बघा माझं. बांबूचं धनुष्य तिनं हातात दिलं, मी दोरी ओढली आणि अर्ध्यावर हात लटपटायला लागला. मागची पोरं खिदळली. सत्तूर वरून खाली येतो, त्याचं वजनच निम्मं काम करतं. धनुष्याला पाठ लागते, दोन खांद्यांच्या मधली, जिथे आपला स्वतःचा हात खाजवायलाही पोचत नाही. महिनाभर तिथे असं दुखायचं की बायको रोज बाम चोळायची आणि रोज टोमणा मारायची. बोटांना फोड आले. मग मी बकऱ्याच्या कमावलेल्या चामड्याचा एक तुकडा कापून बोटांवर घालायला पट्टी केली. ती मॅडमना एवढी आवडली की त्यांनी स्वतःसाठी एक करून घेतली.

दिवाळीनंतर बाण बऱ्यापैकी सरळ जायला लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, आता गोल रंगीत कागद पुरे, जनावराच्या आकारावर मारा. मैदानावर ते शक्य नव्हतं. माझा एक जुना दोस्त खारघरजवळ ओव्याला राहतो. भोवती सगळे टॉवर उभे राहिलेत, पण त्याच्या घरामागचं परसू अजून शाबूत आहे. एका कडेला जुनी दगडी भिंत, तिच्यापुढे पेंढ्याची गंजी, म्हणजे चुकलेला बाण कुणाच्या घरात जायची भीती नाही. त्याला विचारलं तर तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "आरं, हरणा मारायला परदेशात चाललास? आमच्याकडे रानडुकरा वालाचं वाटोळं करतान, ती कोन मारनार?"

"ती मारली तर तू मला सोडवायला येशील का पोलीस ठाण्यात?"

"मी नाय बा. मी डबा आनीन," तो म्हणाला.

त्यानंच गोणपाट शिवून, आत पेंढा कोंबून एक जनावर तयार केलं. चार बांबूचे पाय, पुढे मान, मानेवर एक फुटका माठ उपडा, ते डोकं. लांबून गाढव वाटायचं, पण अंगाचा आकार बरा होता.

पहिल्याच दिवशी, मॅडमसमोर, मी मारलेले सगळे बाण मानेत गेले. एकही इकडेतिकडे नाही. दोस्त टाळ्या पिटायला लागला, "येक नंबर, येक नंबर!" मी पण छाती काढून मॅडमकडे बघितलं. त्या तडक निघाल्या. जवळ जाऊन बाण काढून आणले आणि माझ्या हातात दिले.

"काका, मी तुम्हाला कुठे मारायला सांगितलं होतं?"

"खांद्याच्या मागे, खाली. बरगडीत."

"मग?"

मग काय! मला कळलंच नव्हतं. मी बरगडीतच नेम धरला होता, आईशप्पथ. दोरी मागे ओढेपर्यंत डोळे बरगडीवर असायचे, आणि सोडायच्या क्षणी नजर आपोआप वर सरकून मानेवर बसायची. इतक्या वर्षांची सवय. त्या म्हणाल्या, "हात नजरेच्या मागून जातो. तुम्ही मानेकडे बघताय तोवर बाण मानेतच जाणार." आणि बाणाला मान चालत नाही. मान सतत हलती, बारीक, नुसती मांसात जखम होऊन जनावर निघून जातं. सुरीला मान हवी, कारण जनावर आपल्या हातात धरलेलं असतं. बाणाला फुप्फुसं हवीत, दोन्ही. ती फाटली की जनावर चार श्वास घेतं आणि बसतं.

फुप्फुसं कुठे असतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. रोज काढतो. एकदा सकाळी मॅडम दुकानात आल्या, मी टांगलेल्या बकऱ्याची पुढची तंगडी पुढे ओढून त्यांना दाखवलं, की तंगडी अशी पुढे असली की जागा केवढी उघडी होते आणि मागे आली की खांद्याचं हाड कसं आडवं येतं. त्यांनी बोटानं चाचपून बघितलं. दारातलं गिऱ्हाईक वैतागलं, "शाळा भरवलीय का? अर्धा किलो चाप द्या." दिला.

ठाऊक असणं आणि तिथे बघणं यात फार फरक पडला. खूण म्हणून मी गोणपाटावर बरगडीच्या जागी हळदीचं बोट ओढलं. बायको एका रविवारी ओव्याला आली होती, तिनं ते बघितलं आणि किंचाळलीच. "अहो, हळद लावलेला बोकड म्हणजे देवाला सोडलेला! त्याला बाण मारताय?" दोस्ताच्या बायकोनं तिला दुजोरा दिला. दोघींनी मिळून मला गोणपाट धुवायला लावलं. मग कोळशानं खूण केली.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. बरगडी बघायची सवय लावून घ्यायची म्हणून मी दुकानामागे बांधलेल्या बकऱ्यांच्याही बरगड्या बघायला लागलो. मार्गशीर्षातला एक शुक्रवार. गुरुवारचे उपास संपलेले, गिऱ्हाईक दारात. मी बकरा धरला, सुरी घेतली आणि माझी नजर बरगडीवर गेली. ती वरखाली होत होती. मी त्याचा श्वास बघत होतो. हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला दरदरून घाम फुटला. वाटलं, एक शिकायच्या नादात दुसरं घालवून बसलो. भाऊ तिकडे खोक्यांना पट्ट्या लावतोय, आता मी इकडे काय लावणार?

सुरी खाली ठेवली. बाहेर जाऊन चहा प्यायलो. परत आलो, मानेकडे बघितलं, काम झालं. तेव्हापासून मी एक नियम केला. दुकानातून निघताना हात कोपरापर्यंत धुवायचे, सदरा बदलायचा आणि मगच ओव्याची वाट धरायची. दुकानात मान, परसात बरगडी. बायकोला वाटायचं हा तिकडे मिरवायला सदरे बदलतो. वाटू दे म्हटलं.

शिकणं म्हणजे नुसता नेम नव्हे, हे मॅडमनी मला फार हळूहळू सांगितलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी परसात जाऊन एकच बाण मारायचा आणि निघायचं. हात गरम नाही, अंग आळसावलेलं, आणि एकच. दुसरा मिळणार नाही. हे मला पटलं, कारण धंद्यात आम्हीही तसंच जगतो. तो एक बाण थाळीएवढ्या जागेत गेला की मी दिवसभर खुश असायचो आणि गिऱ्हाइकाला मूठभर जास्त टाकायचो. नाही गेला की कुणाशी धड बोलायचो नाही. बायको विचारायची, "आज कुठे लागला?" मी चप्पल भिरकावली की तिला उत्तर मिळायचं.

आणि मग बसणं. भावानं सांगितलं होतं की तिकडे तासन्‌तास हलायचं नाही. म्हणून मी कर्नाळ्याच्या अभयारण्यात जायला लागलो. धनुष्यबिनुष्य काही नाही, तिथे तसलं काही नेलं तर थेट तुरुंग. नुसता रिकाम्या हातानं, पायवाटेच्या कडेच्या एका दगडावर बसायचो. पहिल्या वेळी चहा उकळायला लागतो तेवढा वेळही धड बसलो नाही. डास, मुंग्या, कंबर, फोन. दुकानात माणूस चोवीस तास बडबडत असतो, ऑर्डर, सुट्टे, भांडणं. गप्प बसायची सवयच नाही आम्हाला. हळूहळू जमायला लागलं. सातभाई पक्षी पायाजवळ येऊन पाला उलटवायला लागले तेव्हा मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

एकदा तिथे भेकर दिसलं, हरणाच्याच जातीचं. लहान, तांबूस, आमच्या बोकडापेक्षाही बारीक. वाट ओलांडताना मध्येच थांबलं आणि माझ्याकडे बाजू करून उभं राहिलं. माझी नजर मानेवर गेली नाही. थेट पुढच्या पायाच्या मागे गेली आणि तिथेच राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला भीती वाटली. दुकानात येणारं जनावर कुणीतरी पाळलेलं, विकलेलं, माझ्यापर्यंत आणलेलं असतं. त्याचं जे व्हायचं ते माझ्या दारात यायच्या आधीच ठरलेलं असतं. याचं काहीच ठरलेलं नव्हतं. ते आपल्या कामाला चाललं होतं. भावाच्या हातून काय गेलं ते मला त्या दगडावर पहिल्यांदा कळलं. भेकर निघून गेलं तरी मी किती तरी वेळ बसून होतो.

मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आता तुम्हाला न मारायला शिकवते."

मी म्हटलं, "ते शिकायला काय लागतं?"

पण लागतं. आमच्याकडे जत्रेत देवाला बोकड देतात तेव्हा आधी त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं तर देवाला मान्य. नाही झाडलं तर थांबायचं. अख्खं गाव उन्हात उभं राहतं, ढोलवाला दमतो, पण सुरी उचलायची नाही. तरुणपणी मी आणि भाऊ दोघं या कामाला जायचो. मी थांबायचो. त्याला धीर नसायचा, तो हळूच पुन्हा पाणी शिंपडायचा. लोक हसायचे, देवालाही चालायचं बहुतेक. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघा, तुम्हाला येतंच की. तेच इथे करायचं."

त्यांनी आणि दोस्तानं मिळून परसातल्या दोन झाडांमध्ये दोर बांधला आणि गोणपाटाचं जनावर त्याला लटकवलं. दोस्त लांबून दोर ओढायचा, जनावर सरकायचं, मध्येच थांबायचं. कधी माझ्याकडे तोंड करून, कधी पाठमोरं, कधी शेवग्याच्या फांद्यांमागे. थांबलं की मी ठरवायचं. मी प्रत्येक वेळी मारायचो. बाण हातात आहे, जनावर समोर आहे, मारायचं नाही तर काय पूजा करायची? बाण कधी ढुंगणात, कधी फांदीला लागून भलतीकडे. मॅडम नुसत्या बघायच्या. एकदा माझा पारा चढला आणि मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम अवघड उभं करता!"

"हरीण मुद्दाम नाही, पण अवघडच उभं राहतं, काका."

असे दोन महिने गेले. शिमगा आला. धुळवडीला आमच्याकडे पहाटेपासून रांग असते, त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. तो ओसरला की चार दिवसांनी माझं विमान होतं. बायको बॅग भरायला लागली होती. बुटांना मातीचा कण नको, खायचं काही नको, तिकडच्या विमानतळावर दंड होतो, अशी भावाची ताकीद असताना ती सुकटीची पिशवी कपड्यांत दडवू बघत होती. मी ती काढली की ती पुन्हा घालायची. यावरून आमचं चांगलंच वाजलं.

निघायच्या आदल्या सकाळी मी शेवटचा एक बाण मारायला ओव्याला गेलो. मॅडमही आल्या होत्या. दोस्तानं दोर ओढला, जनावर सरकत आलं आणि थांबलं. असं सुरेख उभं की विचारू नका. पूर्ण आडवं, माझ्या जवळ, पुढचा पाय पुढे, कोळशाची खूण लखलखीत. मी दोरी ओढली. हात स्थिर, पाठ भक्कम. आणि दिसली. शेवग्याची एक काडी, बोटापेक्षा बारीक, खुणेच्या बरोबर पुढे. पाच-सहा पानं. बाण तिच्यातून गेलाही असता. नव्वद टक्के गेला असता. मी तसाच ताणून उभा राहिलो, जनावर सरकेल म्हणून वाट बघितली. सरकलं नाही. हात दमायच्या आत मी दोरी सावकाश पुढे आणली आणि धनुष्य खाली केलं.

"आरं, मार ना!" दोस्त ओरडला. "शेवटचा हाय!"

मला स्वतःचाच राग आला होता. एवढे महिने घाम गाळला आणि शेवटच्या दिवशी बाण भात्यातच. मॅडम जवळ आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. "झालं, काका," त्या म्हणाल्या. "आता जा तुम्ही."

दुपारी दुकान धुऊन मी भावाला फोन लावला. विमानाची वेळ सांगितली, तिकडे थंडी किती विचारलं, आणि मग सकाळचं सांगितलं. जरा हसत, जरा चिडत. कसं सुरेख उभं होतं, कशी काडी आडवी आली, कसं खाली केलं, दोस्त कसा ओरडला.



"हॅलो? रेंज गेली का?"

"नाही. आहे."

"मग बोल की."

"दादा, ती उडाली नव्हती."

मला क्षणभर कळलंच नाही कोण.

"ती उभीच होती. फांदी होती मध्ये. मला दिसत होती. म्हटलं जाईल बाण, बारीकच आहे. फांदीला लागून वळला." तो म्हणाला. "वर्षभर सगळ्यांना सांगतोय उडाली म्हणून. म्हाताऱ्याला सांगितलं. हिला सांगितलं. तुला सांगितलं."

माझ्या तोंडात शिवी आली होती. मोठा भाऊ म्हणून हक्काची, चांगली सणसणीत. श्रावणापासूनचा सगळा घाम डोळ्यांपुढे आला, पाठीचं दुखणं, बोटांचे फोड. ह्या पठ्ठ्यानं मला खोटं सांगून कामाला लावलं! पण तोवर तो रडायला लागला होता. चाळिशी ओलांडलेला बाप्या माणूस, दोन पोरांचा बाप, आणि नाक ओढत रडतोय. शिवी गिळली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, ते मी ओल्या हातानं पुसलं.

"ऐक," मी म्हटलं. "मी उद्या निघतोय. पण बाण मी नाही मारणार. तू मारायचास."

"नाही दादा. मला नाही..."

"मी मागे उभा राहीन. फांदी असली की सांगीन, राहू दे. तोंड फिरवलेलं असलं की सांगीन, राहू दे."

"आणि दर वेळी काहीतरी असलंच तर?"

"तर दर वेळी सांगीन. डाळभात खाऊ."

 पलीकडे पोरांचा टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "आणि सोडला, आणि परत तसाच लागला तर?"

तसं होणार नाही, असं म्हणणार होतो. माझा सगळा जन्म तेच म्हणण्यात गेला होता, माझ्या हातून तसं होत नाही म्हणून. पण ते त्याच्या काय कामाचं?

"तर या वेळी शोधायला मी आहे," मी म्हटलं. "ओढा ओलांडू, झाडीत रांगत जाऊ, दिवस लागोत नाहीतर आठवडा लागो. सापडल्याशिवाय घरी यायचं नाही. माझं परतीचं विमान गेलं तर गेलं."

"हो," तो म्हणाला.